चित्र सुचते कुठून?

खडूफळा
नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत बावीस वर्षे चित्रकला शिकवतो आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी सुरू झाली की स्मरणचित्राच्या तासाला दरवर्षी एकच प्रश्न ऐकू येतो: "सर, काय काढू?" विषय फळ्यावर लिहिलेला असतो, 'आठवड्याचा बाजार' असा अगदी ओळखीचा. समोर बसलेल्या चाळीस मुलांपैकी निम्म्यांच्या घरचे कोणी ना कोणी त्या बाजारात भाजी किंवा मसाला घेऊन बसते. तरीही कागदावर उतरतो तो मार्गदर्शक पुस्तकातला बाजार: डावीकडे छत्रीखाली बसलेली बाई, उजवीकडे पिशवी घेतलेला माणूस आणि मागे दोन डोंगर. वास्तविक आमच्या बाजाराच्या मागे डोंगर नाहीत, साखर कारखान्याची चिमणी आहे.

मुलांना हात आहे आणि रंगाची समजही आहे. मला अडचण वाटते ती त्याआधीच्या पायरीची. मोठ्या चित्रकारांना आणि मूर्तिकारांना त्यांचे विषय कुठे सापडले, कसे सापडले, हे जाणकारांनी सांगावे. 'प्रेरणा' हा शब्द मी वर्गात वापरत नाही, कारण तो ऐकला की मुले वर छताकडे पाहू लागतात.

गोदाकाठ
चांगला विषय काढलात, सर. मी नाशिकला गोदाघाटावर जलरंगात काम करतो, तेव्हा माझे उत्तर जागेपुरते आहे. नव्या मुलांना वाटते की चांगला 'स्पॉट' मिळाला की चित्र मिळते, म्हणून ती वाई, मेणवली, महेश्वर अशी फिरत राहतात. मी मात्र सहा वर्षे एकाच पायरीवर बसून एकच घाट रंगवला आहे. थंडीत सकाळी साडेसातला पाण्यावर धुके असते आणि देवळांचे कळस तेवढे दिसतात. नऊ वाजता ऊन पायऱ्यांवर उतरते, कपडे धुणाऱ्या बायकांनी भिजवलेला दगड काळा होतो आणि कोरडा राहिलेला दगड जवळजवळ पांढरा दिसतो. त्या ओल्या दगडात आकाशाचा निळा रंग पडतो, हे माझ्या लक्षात यायला तिसरे वर्ष उजाडावे लागले. तोवर मी तिथे करडा रंग लावून मोकळा होत असे. विषय घाटाचा होता हे खरे, पण मला सुचलेले चित्र त्या निळ्याचे होते.

रेघोट्या
मी मुंबईत कलामहाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला पहिल्या वर्षापासून रोज स्केचिंग करायला लावतात आणि आम्ही बहुतेक सगळे त्यासाठी सीएसएमटी स्थानकावर जाऊन बसतो, कारण तिथे माणसे झोपलेली असतात आणि झोपलेला माणूस हलत नाही. सुरुवातीला मी चेहरे काढत होते. चेहरा काढू लागले की माणूस जागा होतो किंवा तोंड फिरवतो, म्हणून मी पाय काढू लागले. दोन वह्या भरून पाय झाले. चपला उशाशी घेऊन झोपलेल्यांचे पाय, पिशवीच्या पट्ट्यात अडकवून ठेवलेले पाय, भेगांत सिमेंट भरलेले पाय. आता माझे वार्षिक काम याच पायांवर चालू आहे. हे मी ठरवून निवडले नाही. चेहरा काढता येईना, त्यातून ते आले.

निळावंती
या विषयावर चित्रकार सैयद हैदर रझांची आठवण अपरिहार्य आहे. त्यांचा जन्म 1922 मध्ये आताच्या मध्य प्रदेशातल्या बाबरिया गावी झाला आणि बालपण मंडलाच्या परिसरात, जंगलात गेले. वडील वनखात्यात होते. शाळेत मुलाचे लक्ष लागत नाही हे पाहून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे एकटक पाहत बस असे सांगितले. तोच ठिपका पुढे जगभर 'बिंदू' म्हणून ओळखला गेला. 1981 मध्ये त्यांनी 'मां' हे चित्र केले. त्यात हिंदी कवितेची एक ओळ देवनागरीत रंगवली आहे आणि शेजारी तो मोठा काळा बिंदू आहे. पॅरिसमध्ये तीस वर्षे राहिलेला माणूस शेवटी स्वतःच्या प्राथमिक शाळेच्या भिंतीपाशी आला. खडूफळा सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर बालपणात आहे असे मला वाटते.

तिसरा_मजला
निळावंतीताई, गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे, परंतु ती इतकी सरळ सांगितली की मधली चाळीस-पन्नास वर्षे गळून पडतात. रझा मुंबईत आले, जेजेमध्ये, म्हणजे सर जे. जे. कलाशाळेत शिकले, 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या संस्थापकांत होते. 1948 मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहून सांगितले की चित्राची बांधणी समजून घेण्यासाठी फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करावा. 1950 मध्ये ते फ्रान्सला गेले आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी गावे, चर्चे, डोंगर यांची निसर्गचित्रे केली. त्या काळातही भिंतीवरचा ठिपका त्यांच्या आठवणीत असणारच, मग तो चित्रात का आला नाही? माझ्या मते, रंग आणि भूमिती यांच्यावर हुकमत येईपर्यंत त्या आठवणीला उतरायला जागा नव्हती. आठवण प्रत्येकाकडे असते. तिला बसवायची चौकट हाताने तयार करावी लागते, आणि मुलांना सांगायचेच असेल तर हे दुसरे सांगावे.

चित्रकार तय्यब मेहतांचेही तसेच आहे. 1947 च्या दंगलीत महंमद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी जमावाला एका माणसाला ठार मारताना पाहिले. ते दृश्य त्यांना जन्मभर सोडून गेले नाही. त्यांच्या कोसळणाऱ्या माणसांच्या आकृती आपण त्या खिडकीशी जोडतो. परंतु खिडकीतले दृश्य आणि कोसळणारी आकृती यांच्यामध्येही जवळपास अठरा वर्षे आहेत. त्याच मधल्या काळात वांद्र्याच्या कत्तलखान्यातला, पाय बांधून आडवा पाडलेला बैल त्यांच्या चित्रांत आला. 1970 मध्ये त्यांनी जो लघुपट केला, त्यातही तो कत्तलखाना आहे. आणि चित्राला कर्णरेषेत चिरणारी ती प्रसिद्ध तिरकी रेघ 1969 च्या सुमारास आली, ती चित्र पुढे सरकत नाही म्हणून आलेल्या वैतागातून. एका चित्रकाराच्या कामात असे तीन वेगवेगळे उगम आहेत: एक डोळ्यांदेखत घडलेला प्रसंग, एक पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलेली जागा आणि एक हाताची झटापट. यांतला कोणताही एक काढून टाकला तर बाकीच्या दोघांचे काय होईल, हे सांगता येणार नाही.

निळावंती
मान्य. मधली वर्षे मी गाळायला नको होती. तरीही ठिपका नसता तर भूमितीने त्यांना बिंदूपर्यंतच नेले असते, असे मी म्हणणार नाही.

चिकूवाडी
मी डहाणू भागातली आहे आणि वरचे सगळे प्रतिसाद वाचताना मला एक गोष्ट खटकली. आपण 'चित्रकाराला कुठून सुचते' असे विचारतो, तेव्हा चित्र ही एका माणसाच्या मनात उगवणारी वस्तू आहे असे धरून चालतो. आमच्याकडे वारल्यांच्या घरी लग्न ठरले की भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहावा लागतो. 'लिहिणे' हाच शब्द आहे. कुडाच्या भिंतीला शेणमाती लिंपून गेरूचा हात दिलेला असतो, त्यावर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने सवाशिणी चौक लिहितात. मध्यभागी पालघट देवी असते. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. चौकावाचून लग्न पुरे होत नाही. तिथे 'काय काढू' हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण काय काढायचे हे लग्नाने ठरवलेले असते आणि कसे काढायचे हे आईच्या शेजारी बसून पाहिलेले असते.

तेवढे असूनही त्यातूनच जिव्या सोमा मशे उभे राहिले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला विणकर सेवा केंद्राचे भास्कर कुलकर्णी आमच्या भागात आले आणि त्यांच्या पाठिंब्याने मशे कागदावर काम करू लागले. बायकांनी लग्नापुरते करायचे काम एका पुरुषाने रोज, लग्नाशिवाय करायला घेतले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. लहानपणी आई गेल्यावर ते बरीच वर्षे बोलत नव्हते आणि धुळीत रेघा काढून मनातले सांगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र जवळून पाहिले आहे का कोणी? सबंध कागदभर जाळे पसरलेले असते. लांबून ते पाण्यासारखे हलते. नाक कागदाला लागेल इतके जवळ गेल्यावर कळते की एकेक आडवी-उभी रेघ ज्वारीच्या दाण्याएवढी आहे आणि अशा हजारो रेघा न थकता ओढल्या आहेत. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांना विषय शोधावा लागला असेल असे मला वाटत नाही. जाळे, शेत, तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य, मुंग्या हे सगळे दाराबाहेरच होते. नव्याने मिळाली होती ती मोकळीक, लग्नाची वाट न पाहता चित्र लिहिण्याची.

शाडू
चिकूवाडीताईंशी मी शंभर टक्के सहमत आहे. आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे, आजोबांपासूनचा. मूर्ती साच्यातून निघते, म्हणून पुष्कळांना वाटते की त्यात सुचण्यासारखे काही नसते. साचा फक्त अंग देतो. आखणीला, म्हणजे डोळे रेखायला, बसल्यावर साचा कामाला येत नाही. शाडूची मूर्ती नीट वाळली नसेल तर रंग फुटतो आणि फार वाळली असेल तर भुवईची रेघ ओढताना कुंचला अडतो. माझे काका आखणीला पहाटे बसत आणि त्या वेळी कोणाशीही बोलत नसत. एकाच साच्यातल्या पन्नास मूर्ती रांगेत असत आणि पन्नासही जणांची नजर निराळी असे. मी एकदा त्यांना विचारले होते की नजर आधी ठरवता का. ते म्हणाले, "उजवा डोळा मी आखतो, डावा त्याच्याकडे बघून येतो." मला आजवर यापेक्षा चांगले उत्तर मिळालेले नाही.

आइंडहोवनकर
मी नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो. इथून सायकलने अर्ध्या तासावर न्यूनन हे गाव आहे, जिथे व्हॅन गॉग आईवडिलांकडे राहत असताना त्याने 1885 मध्ये 'बटाटे खाणारे' हे चित्र केले. गाव सपाट आहे, आभाळ खाली उतरलेले असते, हिवाळ्यात चार वाजताच दिवे लागतात. त्या वर्षीच्या हिवाळ्यात त्याने आसपासच्या शेतकऱ्यांचे आणि विणकरांचे चेहरे एकामागून एक रंगवले, जवळपास चाळीस. तेही अंधाऱ्या झोपड्यांत जाऊन. ज्या हातांनी ताटातला बटाटा उचलला आहे त्याच हातांनी तो जमिनीतून उकरला आहे, हे चित्रातून दिसावे असे त्याने भावाला पत्रात लिहिले होते. लोकांना ते एक चित्र माहीत असते. मला त्यामागचे चाळीस चेहरे महत्त्वाचे वाटतात, कारण रेघोट्याताईंच्या दोन वह्या पायांशी त्यांचे नाते आहे.

दुसरी गोष्ट सांगायची ती नकलेविषयी. अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात त्याने 1887 मध्ये केलेली जपानी चित्रकार हिरोशिगेच्या छापचित्राची नक्कल आहे, पावसातल्या पुलाची. मूळ छापचित्रात पाऊस म्हणजे बारीक, सरळ, काळ्या रेघा आहेत. व्हॅन गॉगने तोच पाऊस तैलरंगात घेतला आणि पाण्याला जाड, जिवंत फटकारे आले. भोवती त्याने जपानी अक्षरांची चौकट केली, तीही दुसऱ्या छापचित्रांवरून पाहून काढलेली. त्याला ती अक्षरे वाचता येत नव्हती. मुले मार्गदर्शक पुस्तकावरून काढतात म्हणून सरांनी खंत व्यक्त केली आहे, ती मी समजू शकतो. परंतु दुसऱ्याच्या चित्रातून चित्र सुचणे ही चित्रकलेतली जुनी आणि सन्माननीय वाट आहे.

रेघोट्या
मग आम्ही पिंटरेस्ट या चित्रांच्या संकेतस्थळावरून संदर्भ घेतो त्याला आमचे प्राध्यापक इतका आक्षेप का घेतात? हिरोशिगेवरून घेतले तर अभ्यास आणि पिंटरेस्टवरून घेतले तर नक्कल, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

तिसरा_मजला
फरक वेळेचा आहे, असे मला वाटते. अजिंठ्याचे उदाहरण घ्या. जेजेमध्ये शिकवणारे जॉन ग्रिफिथ्स आणि तिथले विद्यार्थी 1872 पासून 1885 पर्यंत हंगामामागून हंगाम लेण्यांत जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. उष्णता, वटवाघळे, काळोख या सगळ्यांतून एका आकृतीची बाह्यरेषा हाताखालून जायला दिवसच्या दिवस लागत. त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याचशा पुढे लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. परंतु ज्या हातांनी त्या केल्या त्या हातांत ती रेषा राहिली असणार. अमृता शेरगिल 1936 मध्ये अजिंठ्याला गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या दक्षिण भारतातल्या लोकांच्या मोठ्या चित्रांत तो गेरू, ते सावळे अंग, त्या शांत उभ्या आकृती दिसू लागल्या. त्यांनी अजिंठ्याची एकही आकृती उचलली नव्हती. संदर्भ मोबाइलच्या पडद्यावर पाच सेकंद पाहिला तर त्यातले नावीन्य तेवढे दिसते आणि तेच उचलले जाते. त्याच चित्रासमोर तीन दिवस बसलात तर पिंटरेस्टवरचे असले तरी माझी हरकत नाही.

गोदाकाठ
मला हरकत आहे. पडद्यावर ओला दगड आणि कोरडा दगड यांत फरक दिसत नाही.

निळावंती
बाहेर पाहण्याविषयी बरेच बोलून झाले, म्हणून दुसरी बाजू मांडते. अमूर्त चित्रे करणारे वासुदेव गायतोंडे 1924 मध्ये नागपूरला जन्मले, घराणे गोव्याचे, वाढले गिरगावातल्या चाळीत. त्यांच्या प्रगल्भ काळातल्या चित्रांत घाट, माणूस, पाय, जाळे यांतले काहीच नाही. ते वर्षाला मोजकीच चित्रे करत. बाकीचा काळ बसून राहण्यात, वाचण्यात, संगीत ऐकण्यात जाई. झेन विचार, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांची ओढ होती. भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची काम करण्याची जागा होती आणि तिथून ते तासन्‌तास समुद्राकडे पाहत बसत, असे त्यांना ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. समुद्र मात्र त्यांनी कधी 'काढला' नाही. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवत आणि उतरवत. मी त्यांचे एक पिवळे चित्र पाहिले आहे. पाच मिनिटांनी त्या पिवळ्याखालचा हिरवा वर येऊ लागतो आणि वाटते की आपण आत्ता इथे आलो, चित्र आधीपासून आपली वाट पाहत होते.

तसेच चित्रकार अकबर पदमसींचे. त्यांच्या 'मेटास्केप' चित्रांत सूर्य आणि चंद्र एकाच वेळी दिसतात, ते कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या नांदीतून आले आहेत. काळ घडवणारे दोघे, असे तिथे त्यांचे वर्णन आहे. एका संस्कृत श्लोकातून इतकी चित्रे निघाली. माझे म्हणणे एवढेच आहे की पाहणे हे डोळ्यांनीच होते असे नाही.

चिकूवाडी
गायतोंडे समुद्राकडे पाहत होतेच ना? त्यांनी समुद्र काढला नाही याचा अर्थ त्यांनी तो पाहिला नाही, असा होत नाही.

निळावंती
हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी यावर विचार करते.

शाडू
विषय निघालाच आहे तर अलिबागजवळ सासवण्याला जाऊन या. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (1891–1967) यांचे घर तिथे संग्रहालय म्हणून जपले आहे. पुण्याच्या अश्वारूढ शिवाजी महाराजांच्या पुतळ्यासाठी सगळे त्यांना ओळखतात, पण त्या घरात सिमेंटमध्ये घडवलेली गावातली माणसे आणि जनावरे आहेत. म्हशीच्या पाठीचा उतार इतका बरोबर आहे की माझ्या मुलाने तिच्या अंगाला हात लावून पाहिला. ज्यांना मोठ्या शहरांतून मोठी कामे मिळत होती त्यांना गावातली म्हैसही तेवढीच करावीशी वाटली.

खडूफळा
सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे मी सगळे वाचत होतो आणि वर्गात एक प्रयोग केला, तो सांगतो. तय्यब मेहतांची खिडकी माझ्या डोक्यात राहिली होती. मी मुलांना सांगितले की शनिवारी बाजारात जायचे, पण वही न्यायची नाही. एकाच जागी अर्धा तास बसायचे आणि सोमवारी येऊन काय दिसले ते आधी तोंडाने सांगायचे.

बहुतेकांनी भाज्यांची यादी सांगितली. मग आठवीतला एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घरचे चादरी आणि टॉवेल विकायला बसतात. दुपारी ऊन वाढले की तो हातगाड्याखाली जाऊन आडवा होतो. तो म्हणाला, "सर, मला नुसते पाय दिसले." वर गाड्याच्या फळ्या, कडेने खाली लोंबणारे टॉवेल, त्यांच्यामधून जाणारे पाय. कोणते पाय थांबतात, कोणते नुसते रेंगाळतात आणि कोणते गिऱ्हाइकाचे आहेत, हे त्याला ओळखता येते, कारण घेणारा माणूस आधी एक टाच उचलतो. मी बावीस वर्षे त्या बाजारात जातो आहे आणि हे मला ठाऊक नव्हते.

त्याने आता चित्र सुरू केले आहे. वरच्या बाजूला फळ्यांचा गडद पट्टा, खाली उन्हाचा पट्टा आणि मध्ये पाय. परीक्षेत बाजार म्हणून हे चालेल का, असे त्याच्या वडिलांनी मला विचारले. विषयाला धरून असलेली वेगळी रचना परीक्षकाने मान्य करावी असे मला वाटते, परंतु खात्री देता येत नाही, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. तरीही त्याला ते चित्र पुरे करू द्यायचे आम्ही दोघांनी ठरवले आहे. खरी अडचण तांत्रिक आहे. समोरून येणारे पाऊल त्याला जमत नाही, त्याची सगळी पावले आडवी होतात. मी वस्तुचित्रात वाढलेला माणूस आहे, पावलांचा माझा सराव कमी आहे. रेघोट्याताई, आपण काही सांगाल का?

रेघोट्या
सर, नक्की सांगते. त्याला बोटांपासून सुरुवात करू देऊ नका, मीही सहा महिने तीच चूक करत होते. आधी जमिनीवर पडलेली सावली काढायला सांगा, कारण पाऊल कुठे टेकले आहे आणि कुठे उचललेले आहे हे सावलीवरून कळते. मग घोट्याची दोन हाडे: आतले वर असते, बाहेरचे थोडे खाली. समोरून पाहताना पाऊल लांब नसते, ते उतरत्या पाचरीसारखे असते, म्हणून मधला भाग त्याला वाटतो त्यापेक्षा निम्मा काढायचा. चपलेचा पट्टा शेवटी काढावा. तो पावलाच्या गोलाईवरून वळून जातो, त्यामुळे पट्टा बरोबर आला की वरचा उतार आपोआप दिसतो. माझ्या वहीतली समोरून काढलेली पावले मी आज रात्री फोटो काढून इथेच टाकते. आणि त्याची हरकत नसेल तर ते टाच उचलण्याचे मला माझ्या कामात वापरायचे आहे, त्याला विचारून कळवाल का?

खडूफळा
सोमवारी विचारतो. फोटोंची वाट पाहतो.